जुन्या छापील पंचांगांचा गठ्ठा : सफाई, सालनिश्चिती आणि तक्ते उतरवण्याच्या प्रकल्प नोंदी

कामाचा आवाका : तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाकडे देणगीत आलेला पंचांगांचा गठ्ठा. साधारण १८६० च्या दशकापासून १९५० पर्यंतचा माल. काही पंचांगं सबंध, बरीचशी मुखपृष्ठाविना, आणि तळाशी सुट्या पानांचा ढीग. कामं तीन : कागद वाचवणं, प्रत्येक पानाचं साल ठरवणं, आणि तक्त्यातले आकडे जसे छापले आहेत तसेच उतरवून घेणं. ज्यांच्याकडे असा गठ्ठा माळ्यावर पडून आहे त्यांच्यासाठी या नोंदी.

५ नोव्हेंबर

गठ्ठा उघडला. हे काम पाऊस पूर्ण सरल्यावरच काढावं. ओल धरलेली पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना छपाईचा थर वरच्या पानाबरोबर निघून येतो. बांधलेली सुतळी सोडण्याआधी चारही बाजूंनी फोटो घेतले. बांधणाऱ्याने वर्षं क्रमाने लावली असतील तर तो क्रम हा पहिला पुरावा, आणि एकदा पानं पसरली की तो परत मिळत नाही.

बहुतेक पंचांगांच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात खिळ्याचं भोक आहे, काहींत दोऱ्याचा फास अजून शाबूत आहे. पंचांग वर्षभर भिंतीला लटकायचं. भोकाभोवतीचा कागद सगळ्यात आधी फाटतो आणि नेमका तिथेच महिना छापलेला असतो. त्यामुळे कोपऱ्यांचे तुकडे झटकून टाकू नयेत. ज्या पानाजवळ तुकडा सापडला त्याच पानाबरोबर तो पाकिटात ठेवला.

चार ढीग केले : सबंध, मुखपृष्ठ नसलेली, सुटी पानं, आणि कसर किंवा वाळवी लागलेली. चौथा ढीग लगेच वेगळ्या खोलीत हलवला.

८ नोव्हेंबर

चौथ्या ढिगाचं शीतकरण. जाड पॉलिथिन पिशवीत हवा काढून, चिकटपट्टीने दुहेरी बंद करून उणे १८ अंशांखाली दोन आठवडे. घरगुती फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात हे तापमान टिकत नाही, दार उघडलं की चढतं. आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर भाड्याने मिळतो, तो घ्यावा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. उघडली तर बाहेरची वाफ थेट कागदावर धरते.

डांबराच्या गोळ्या घातल्या नाहीत. त्यांचा वास कागदात वर्षानुवर्षं राहतो आणि आत शिरलेल्या अळीला त्याने फारसा फरक पडत नाही.

२४ नोव्हेंबर

कोरडी सफाई. मऊ रुंद ब्रश, शिवणीकडून कडेकडे, एकाच दिशेने. चुलीच्या धुराचा थर ब्रशने जात नाही, उलट पसरतो. त्याला काजळी टिपणारा रबरी स्पंज लागतो. खोडरबर चालत नाही, कारण त्याने घासलं की जुन्या कागदाचा पृष्ठभाग फुलतो.

आता एक महत्त्वाची गोष्ट. १९०० नंतरच्या बऱ्याच पंचांगांचा कागद लाकडाच्या लगद्याचा आहे : पिवळा, आंबट वासाचा, दुमडला की तुटणारा. अशा कागदातलं आम्ल मारायला आपल्याकडे चुन्याच्या निवळीत पानं बुडवायची पद्धत आहे. एका फुटकळ तुकड्यावर थेंब टाकून पाहिला, तर पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला. तो डाग हळदीचा होता. गुढीपाडव्याला पंचांगाची पूजा होते, मुखपृष्ठावरच्या गणपतीला हळदकुंकवाचं बोट लागतं, आणि हळद अल्कलीत लाल होते; कुंकू बनतं ते याच गुणावर. म्हणजे निवळीत बुडवलं की पूजेची प्रत्येक खूण रंग बदलणार आणि ती पूर्ववत करता येणार नाही. शिवाय रंगीत मुखपृष्ठांचा गुलाबी रंग आणि जांभळे रबरी शिक्केही पाण्यात उतरतात.

निर्णय : धुणं पूर्ण बंद. आम्लाच्या पानांना फक्त आम्लरहित कागदाची घडी. ज्यांना धुवायचंच आहे त्यांनी आधी प्रत्येक रंगावर, शाईवर आणि डागावर टिपकागदाच्या टोकाने ओला ठिपका देऊन बघावा. हळदीची बोटं पुसायचा प्रयत्न करू नये. ती त्या वस्तूच्या वापराची नोंद आहे.

१ डिसेंबर

डागडुजी. बाजारू खळ वापरली नाही. बांधणीवाले पूर्वी मैद्याच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. त्यातलं तांबं कागद जाळतं. जुन्या दुरुस्त्यांच्या पट्ट्यांखाली तपकिरी झालेला कागद याच कारणाने झाला असावा असं वाटतं.

गव्हाचं शुद्ध स्टार्च एक भाग, पाणी पाच भाग, अर्धा तास भिजवून मंद आचेवर सतत ढवळत शिजवायचं. पारदर्शक झालं की उतरवायचं, थंड झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा गाळायचं आणि लावताना पाणी घालून ताकाइतकं पातळ करायचं. खळ तीन-चार दिवसांत आंबते, म्हणून एका वेळी दोन चमच्यांपेक्षा जास्त स्टार्च घेऊ नये.

जपानी टिश्यूची (पातळ पण चिवट कागदाची) पट्टी कातरीने न कापता ओल्या ब्रशने रेघ मारून फाडायची. फाटलेल्या कडेचे तंतू कागदात मिसळतात. पहिल्या पानांवर पट्टी आकडे असलेल्या बाजूने लावली गेली आणि बारीक पळांचे (पळ म्हणजे २४ मिनिटांच्या घटीचा साठावा भाग) आकडे फोटोत पुसट आले. त्या पट्ट्या ओलावून काढाव्या लागल्या. पट्टी नेहमी रिकाम्या समासात किंवा कमी मजकुराच्या बाजूला. खर्च : टिश्यू, स्टार्च, टिपकागद मिळून सुमारे ३,२०० रुपये.

९ डिसेंबर

छपाईची ओळख. पान तिरप्या उजेडात धरून मागून बोट फिरवावं. खिळ्यांची, म्हणजे धातूच्या सुट्या ठशांची, छपाई असेल तर अक्षरांचा दाब मागे लागतो; शिळाप्रेसची (दगडावरून छापलेली) असेल तर पाठ सपाट राहते आणि अक्षरांना हस्ताक्षराचं वळण असतं. मराठीतलं पहिलं छापील पंचांग गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली, म्हणजे शके १७५३ मध्ये, शिळाप्रेसवरच काढलं. त्याआधी गावोगावचे जोशी हाताने पंचांगं लिहीत. छापील पंचांग स्वस्त झालं आणि तिथी सांगणारा माणूस घरी येण्याआधीच तिथी भिंतीवर आली.

मुखपृष्ठ असेल तर गणिताचा आधार तिथेच लिहिलेला सापडतो. जुन्यांवर बहुधा ग्रहलाघव आणि तिथिचिंतामणी या गणिताच्या ग्रंथांची नावं. दोन्ही नांदगावच्या गणेश दैवज्ञांची, ग्रहलाघव शके १४४२ चं. साडेतीनशे वर्षं जुन्या सारण्यांवर मुंबई-पुण्याची पंचांगं चालत होती. त्यात चूक साठत गेली, म्हणून केरो लक्ष्मण छत्र्यांनी नवं गणित धरून पंचांग सुरू केलं, तेच पटवर्धनी. पुढे व्यंकटेश बापूजी केतकरांचं गणित, टिळक पंचांग, आणि शके १८३८ पासून सोलापूरचं दाते पंचांग. आमच्या कामाला हा इतिहास इतक्यासाठीच हवा की कोणत्या पद्धतीचं पंचांग आहे हे कळल्याशिवाय आकडे तपासता येत नाहीत. तो अनुभव पुढे ४ जानेवारीच्या नोंदीत आहे.

मुखपृष्ठ नसेल तर मकरसंक्रांत पाहावी. १८६३ साली संक्रांत १२ जानेवारीला होती, आता ती १४ किंवा १५ ला येते. रेवतीच्या योगताऱ्यापासून राशी मोजणाऱ्या पटवर्धनी-टिळक पद्धतीत ती साधारण चार दिवस आधी येते. टिळक पंचांगात १० जानेवारी. पौषाचं एक पान हाती असलं तरी पद्धतीचा अंदाज लागतो.

१५ डिसेंबर

सुट्या पानांची सालनिश्चिती. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, म्हणून एक पान सविस्तर देतो.

पान : श्रावण कृष्णपक्ष. वरचा डावा कोपरा नाही, म्हणजे शक नाही, संवत्सर नाही. शिल्लक काय, तर अमावास्येच्या ओळीत मंगळवार, इंग्रजी तारखेच्या रकान्यात १८ ऑगस्ट, आणि समासात सूर्यग्रहणाचा उल्लेख.

पायरी एक, कागद आणि छपाई. चिवट, चिंध्यांच्या लगद्याचा कागद, शिळाप्रेस. त्यावरून शोध १८५१ ते १९०० एवढ्यावर आणला.

पायरी दोन, वार आणि तारीख. या पन्नास वर्षांत १८ ऑगस्टला मंगळवार सातदा येतो : १८५७, १८६३, १८६८, १८७४, १८८५, १८९१, १८९६.

पायरी तीन, तिथी. चंद्राच्या कला त्याच इंग्रजी तारखेला १९ वर्षांनी परततात, एखाद्या दिवसाच्या फरकाने. सातही वर्षांची अमावास्या काढली. १८५७ मध्ये ती १९-२० ऑगस्टकडे जाते, १८६३ मध्ये १४ च्या आसपास, १८९६ मध्ये ९ ला. १८ ऑगस्टला पडते ती फक्त १८६८ मध्ये.

पायरी चार, ग्रहण. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण भारतावरून गेलं हे जगजाहीर आहे. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सनने ते गुंटूरहून आणि जॉन हर्शेलने जमखंडीहून पाहिलं. म्हणजे पान शके १७९० चं.

पायरी पाच, संवत्सर. शकात १२ मिळवून ६० ने भागायचं, बाकी राहील तो साठ संवत्सरांच्या चक्रात प्रभव या पहिल्या नावापासूनचा क्रमांक. १७९० + १२ = १८०२, बाकी २, म्हणून विभव. दुसऱ्या दिवशी पाकिटांतला एक तुकडा या कोपऱ्याला जुळला आणि त्यावर ‘विभव’ची शेवटची दोन अक्षरं निघाली. हे सूत्र नर्मदेच्या दक्षिणेकडच्या गणनेचं आहे, उत्तरेकडच्या पंचांगाला लावू नये. आणि नुसत्या संवत्सरावर विसंबू नये : विभव शके १८५० लाही आहे.

इसवी सन काढताना शकात ७८ मिळवतात, पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या पानांना ७९. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची पानं याच एका गफलतीने वर्षभर मागे जातात. म्हणून फाइलींची नावं इसवी सनावर न ठेवता शक, छापखाना, पान या क्रमाने ठेवली. आधी इसवी सनावर नावं दिली होती तेव्हा एकाच पंचांगाची पानं दोन वर्षांत विखुरली, आणि सगळी नावं बदलण्यात आठवडा गेला.

वार-तारखेवर न सुटणारी पानं अधिक मासाने सुटतात. ‘अधिक’ छापलेलं एक पान वर्षांची यादी चार-पाचांवर आणतं. मात्र पटवर्धनी-टिळक आणि इतर पंचांगांत काही वर्षी अधिक मासच वेगळा येतो, तेव्हा पद्धत आधी ठरवावी.

२२ डिसेंबर

छायाचित्रण. वरून कॅमेरा, दोन दिवे ४५ अंशांत, इंचाला ४०० ठिपके. काच फक्त धडक्या पानांवर ठेवली. मोडकी पानं काचेखाली चुरतात. रंगपट्टी आणि मोजपट्टी प्रत्येक चौकटीत. मागच्या पानाची छपाई झिरपून दिसते, म्हणून पानाखाली काळा कागद सरकवला. त्याने आकडे एकदम सुटे दिसू लागले. जाहिरातींची पानंही सोडली नाहीत.

२८ डिसेंबर

आकडे उतरवणं. आधी टेसरॅक्ट या फोटोतली अक्षरं वाचणाऱ्या सॉफ्टवेअरचं मराठी वाचन वापरून पाहिलं. सलग मजकूर बरा येतो, तक्ता येत नाही : उभ्या रेघा दंड म्हणून वाचल्या जातात, रकाने सरकतात, आणि झिजलेल्या खिळ्यांचा ९ हा १ होतो, ६ चा ३ होतो. जुन्या वळणाचे ५ आणि ८ तर ओळखूच येत नाहीत. दुरुस्तीला लागणारा वेळ हाताने भरण्यापेक्षा जास्त निघाला. हातानेच भरतो आहोत, दोघांनी स्वतंत्रपणे, मग दोन्ही प्रतींची तुलना.

एका ओळीचा क्रम असा : तिथी, वार, घटी, पळे, नक्षत्र, घटी, पळे, योग, घटी, पळे, करण, दिनमान, मग इंग्रजी आणि मुसलमानी तारखा, काहींत पारशीही. घटी-पळे म्हणजे ती तिथी, नक्षत्र किंवा योग सूर्योदयानंतर किती वेळाने संपतो ते. आद्याक्षरं घोटाळ्याची आहेत. ‘वि’ नक्षत्राच्या रकान्यात विशाखा, योगाच्या रकान्यात विष्कंभ. ‘शु’ वाराच्या रकान्यात शुक्रवार, योगाच्या रकान्यात शुभ किंवा शुक्ल, आणि त्यांतला कोणता हे मागच्या-पुढच्या योगावरूनच ठरतं. भरताना आद्याक्षर जसंच्या तसं एका रकान्यात आणि पूर्ण नाव शेजारच्या रकान्यात.

तक्ता ‘एक दिवस, एक ओळ’ असा आखला होता. तो क्षयतिथीला मोडला : त्या दिवशी दोन तिथी संपतात. वृद्धीला उलट अडचण, एकच तिथी दोन सूर्योदयांना असते आणि पहिल्या दिवशी ६० घटी ० पळे छापतात. आता ‘एक तिथी, एक ओळ’ असा तक्ता आहे आणि वार त्यात नुसता रकाना. हे सुरुवातीलाच करावं.

४ जानेवारी

तपासणीचं सूत्र. तिथीची लांबी = ६० + आजची समाप्ती − कालची समाप्ती. एकादशी १८ घटी १२ पळांना संपली, दुसऱ्या दिवशी द्वादशी १४ घटी ४० पळांना, तर द्वादशी ५६ घटी २८ पळांची. जोशीलोकांचा नियम ‘बाणवृद्धी रसक्षय’ : साठ घटींवर बाण म्हणजे ५ पर्यंत वाढ, रस म्हणजे ६ पर्यंत घट. म्हणून ५४ ते ६५ च्या बाहेरची प्रत्येक लांबी लाल व्हावी असं तक्त्यात लावलं.

जुन्या पंचांगांवर हे उत्तम चाललं. नंतरच्या काही पंचांगांत मात्र लालच लाल. मूळ पानाशी ताडलं तर आकडे बरोबर भरलेले होते. पंचांग दृक्‌गणिताचं होतं (प्रत्यक्ष आकाशात दिसणाऱ्या स्थितीशी जुळणाऱ्या गणिताचं) आणि तिथे नियम वेगळा, ‘सप्तवृद्धी दशक्षय’ : ५० ते ६७. चंद्राची गती खरोखरच तेवढी बदलते. जुन्या सारण्यांत तिचे सगळे फरक धरलेले नव्हते.

यातून दोन गोष्टी साधल्या. एक, पद्धतीप्रमाणे दोन वेगळ्या मर्यादा लावल्या. दोन, मुखपृष्ठ नसलेल्या पंचांगाची पद्धत ओळखायला हीच मर्यादा उपयोगी पडली. वर्षभराच्या तिथींच्या लांबी काढायच्या. सगळ्या ५४ ते ६५ मध्ये बसल्या तर गणित जुनं, ५१-५२ किंवा ६६ घटींच्या तिथी दिसल्या तर दृक्. पंचांग-सुधारणेच्या सभांमध्ये ज्यावरून एवढे वाद झाले तो फरक एका रकान्यात उघडा दिसतो.

नुसत्या मर्यादेने सगळ्या चुका सापडत नाहीत. वरच्या उदाहरणात १४ च्या जागी १९ वाचलं तर लांबी ६१ घटी २८ पळे होते आणि ती मर्यादेत बसते. म्हणून दुसरी चाळणी : जुन्या पद्धतीत लागोपाठच्या दोन तिथींच्या लांबीत साधारण दीड घटीहून जास्त उडी नसते. उडी दिसली की पान बघायचं.

छपाईतलीच चूक असेल तर? ती दुरुस्त करायची नाही. छापलेला आकडा तसाच, शेजारी शेरा. लोकांनी त्या वर्षी एकादशी त्या आकड्यावर केली.

११ जानेवारी

घड्याळाची वेळ. एक घटी २४ मिनिटं, एक पळ २४ सेकंद, अडीच घटींचा तास, सगळं सूर्योदयापासून. ११ घटी २० पळे म्हणजे ४ तास ३२ मिनिटं. सूर्योदय मुंबईच्या वेळेने ५:४४ असेल तर समाप्ती १०:१६.

ही १०:१६ मुंबई टाइम आहे. आजच्या वेळेत ती १०:५५, कारण मुंबईची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटं मागे. प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली तरी मुंबई शहरात जुनी वेळ १९५५ पर्यंत चालली, त्यामुळे १९०६ नंतरच्या पंचांगात घड्याळाची वेळ दिसली की कोणती, हे आधी शोधावं. बहुधा सुरुवातीच्या पानावर बारीक अक्षरांत असतं. युद्धकाळात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५, घड्याळं एक तास पुढे होती. शके १८६४ ते १८६७ ची तुलना त्यामुळेच नेमकी तासाने चुकत होती.

गावही पाहावं. रेखांशाच्या एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे १० पळे. मुंबई आणि सोलापूर यांत सुमारे १२ मिनिटं, अर्धी घटी. दोन पंचांगांतला एवढा फरक गणिताचा नसून गावाचा असतो.

१९ जानेवारी

समासातली हस्ताक्षरं. छापील मजकुराच्या इतर प्रती कुठे ना कुठे असतील; समास एकमेव आहे. जन्मवेळा, उसनवारी, गाय व्याल्याची तारीख, काही मोडीत. सगळ्यात मोलाच्या नोंदी पावसाच्या. पंचांगात प्रत्येक पर्जन्यनक्षत्रापुढे वाहन छापलेलं असतं : घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती यांपैकी एक. त्या ओळीशेजारी शेतकऱ्याने ‘मृग कोरडे’, ‘आर्द्रा तिसरे दिवशी लागली’ असं लिहिलंय. छापलेला अंदाज आणि पडलेला पाऊस एकाच ओळीत. यांचा वेगळा तक्ता केला : शक, नक्षत्र, छापील वाहन, हाताची नोंद शब्दशः.

फोटो सगळ्या पानांचे घेतले, पण जन्मवेळा आणि देण्याघेण्याच्या नोंदी असलेली १९०० नंतरची पानं वाचनालयाबाहेर द्यायची नाहीत असं ठरलं. त्या घरांची माणसं आज हयात असू शकतात.

२ फेब्रुवारी

पेट्या. प्रत्येक पंचांग आम्लरहित कागदाच्या चार पाखांच्या घडीत, आडवं, एकावर एक आठांपेक्षा जास्त नाही. घडीवर पेन्सिलीने शक, संवत्सर, छापखाना, पद्धत. साल ठरलं नसेल तर अंदाज न लिहिता उपलब्ध खुणा लिहिल्या : मास, वार, तारीख, अधिक असल्यास तसं. घड्या आणि पेट्या मिळून ७,५०० रुपये. सगळ्या कामात मोठा खर्च हाच, आणि तो टाळू नये. पेटीत वेखंडाची पुरचुंडी कागदाला न टेकेल अशी ठेवली आहे, ती दर पाडव्याला बदलायची.

शिल्लक काम : मोडी नोंदींचं वाचन, करणांचा रकाना, आणि शके १८०० ते १८१० मधली वार आणि इंग्रजी तारीख नसलेली पानं. त्यांच्यावर ग्रहणही नाही आणि अधिक मासही नाही. मुसलमानी तारखांच्या रकान्यावरून पुढच्या आठवड्यात सुरुवात.